पाणी कुठं मुरतंय ते शेवटी कळलं : लीकेज शोधणाऱ्या मशीनवाल्यांचा रिव्ह्यू

आधीच सांगते, सर्व्हिसवाल्यांचं नाव टाकणार नाही. चांगलंही लिहायचंय आणि दोन-तीन गोष्टींवर बोंबही मारायचीय, आणि सोलापूर एवढंसं गाव, उद्या सात रस्त्यावर समोरासमोर गाठ पडली तर काय बोलणार. म्हणून हा रिव्ह्यू पद्धतीचा आणि त्या दोन पोरांच्या कामाचा समजा.

आमची जुळे सोलापुरातली १८ रो हाऊसची गल्ली, १९९८ चं बांधकाम. मी सेक्रेटरी, म्हणजे दुसरं कुणी तयार होईना म्हणून. नळ चार-पाच दिवसाआड, ते पाणी हौदात, हौदातून मोटरनं कॉमन टाकीत आणि टाकीतून दोन इंची जीआय, म्हणजे लोखंडी पाईपची, लाईन गल्लीच्या मधोमध काँक्रीटखालून शेवटच्या घरापर्यंत. मार्चपासून टाकी पुरेना. आधी सगळे एकमेकांकडं बघायला लागले, ७ नंबरवाले गाडी धुतात, ११ कडं पाहुणे फार, असलं सगळं ग्रुपवर सुरू झालं. मे उजाडेपर्यंत बोअरनं मान टाकली आणि दिवसाआड टँकर.

शेवटी एका रात्री सगळ्यांना घरचे कॉक बंद करायला लावले, ११ वाजता टाकीत आतून खडूनं रेघ मारली आणि पहाटे ५ ला जाऊन बघितलं. ७ इंच पाणी कमी. टाकी १० बाय ८ फुटाची, म्हणजे ६ तासांत जवळजवळ १३२० लिटर, तासाला २२०. दिवसाचा हिशोब केला तर एक पाच हजारी टँकर आम्ही रोज जमिनीला पाजत होतो. आणि गल्लीत ओलाव्याचा ठिपका नाही! वर काळी माती, तिच्या खाली मुरूम, पाणी वर कशाला येतंय, खालच्या खाली वाट काढून जातंय.

यानंतरचे पंधरा दिवस म्हणजे अंदाजपंचे दाहोदरसे. आमचा नेहमीचा प्लंबर आला, बूट आपटत दोनदा गल्ली फिरला आणि म्हणाला, "म्याडम, इथंच हाय बघा, लिहून घ्या." ब्रेकर लावून काँक्रीट फोडलं, साडेतीन फूट खाली पाईप कोरडा ठणठणीत. मग "हितं नाय तर तितं". असे तीन खड्डे, टाकीच्या बुडाला एक, १ नंबरपाशी एक, ८ नंबरच्या कोपऱ्यावर एक. मग एका सभासदाने पाणाड्या आणला, तळहातावर नारळ ठेवून. नारळ २ नंबरच्या गेटसमोर उभा राहिला, तिथं आमचे चेअरमन राहतात, ते म्हणाले माझ्या गेटसमोर खणायचं नाही. बरं झालं म्हणते मी आता. त्या नारळाची चटणी झाली, चांगली झाली होती.

तेवढ्यात भाच्यानं सांगितलं की पाईपचा आवाज ऐकून लीकेज शोधणारे असतात, कोरिलेटर म्हणतात त्या मशीनला. फोन केला. ८५०० रुपये एका व्हिजिटचे. मीटिंगमध्ये बराच दंगा झाला, एवढ्यात अजून चार खड्डे होतील म्हणून. हो, होतील, पण खड्डाच होईल ना.

दिलेली वेळ संध्याकाळी ५ ची, आले सव्वासातला. फोन करून कळवणं वगैरे भानगड नाही. एक इंजिनिअर पोरगा, पंचविशीतला, आणि एक हेल्पर. सामान बघून आमच्या लोकांचा विरसच झाला, एवढ्या पैशात मोठं काहीतरी येईल असं वाटलं होतं. डब्याएवढे दोन सेन्सर, एकावर लाल पट्टी एकावर निळी, खाली चुंबक. एक टॅब, हेडफोन, आणि एक लोखंडी सळई, तिच्या टोकाला कान लावायची वाटी. बस.

लाल सेन्सर टाकीखालच्या चेंबरमध्ये वॉल्व्हला चिकटवला, निळा गल्लीच्या टोकाच्या वॉल्व्हला. मधलं अंतर चाकाच्या टेपनं मोजलं, ७० मीटर. मग मला विचारलं, पाईप कसला, किती इंची, मध्ये कुठं बदललाय का? मी छातीठोकपणे सांगितलं, पूर्ण जीआय, दोन इंची, काही बदललेलं नाही. हे वाक्य लक्षात ठेवा.

मशीन काय करतं ते त्या पोरानं इतकं छान सांगितलं की आमच्या ९ नंबरच्या आजींनाही कळलं. पाईपला भोक पडलं की तिथनं दाबाचं पाणी बाहेर पडताना सूंऽऽ असा आवाज होतो आणि तो पाईपमधून, त्यातल्या पाण्यातून, दोन्ही बाजूंना पळत सुटतो. ज्या बाजूला अंतर कमी तिथं आधी पोचतो. मिरवणुकीत हलगी कुठल्या बाजूला वाजतेय ते डोळे मिटूनही कळतं ना, कारण एका कानाला आवाज आधी पोचतो आणि दुसऱ्याला सेकंदाच्या हजाराव्या हिश्श्यापेक्षाही कमी फरकानं नंतर, आणि मेंदू तेवढ्यावरून ओळखतो. इथं दोन कान ७० मीटर लांब ठेवलेत एवढंच. मशीन दोन्हीकडचा आवाज रेकॉर्ड करतं, एक रेकॉर्डिंग दुसऱ्यावर थोडं थोडं सरकवून बघतं की कुठं ते तंतोतंत बसतंय, आणि जिथं बसतं तिथं ग्राफमध्ये टोक येतं, त्याला पीक म्हणतात. (मंगळवेढ्याच्या ज्वारीचं नव्हे.) किती सरकवावं लागलं, तो वेळेचा फरक. मग एकूण अंतरातून वेग गुणिले फरक वजा करायचं आणि निम्मं करायचं, जवळच्या सेन्सरपासून भोक किती लांब ते आलं.

पहिलं पीक दहा मिनिटांत. फरक ४३ मिलिसेकंद, लोखंडी पाईपमध्ये आवाज साधारण सेकंदाला १३०० मीटर जातो, म्हणजे ५६ मीटर, ७० मधून ५६ गेले १४, त्याचं निम्मं ७. टाकीपासून ७ मीटर. चेअरमन खूश, कारण ७ मीटर त्यांच्या गेटच्या पुढं जातं. हेल्परनं खडू काढलासुद्धा. पण पोरगा म्हणाला थांबा, आधी सगळ्या घरांचे कॉक ऐकू दे. सळई घेऊन एकेका घराच्या मीटरपाशी वाकून कान लावत गेला आणि ५ नंबरला थांबला. त्यांनी कॉक बंद केलाच नव्हता, वर गच्चीत कूलर सुरू आणि कूलरच्या फ्लोटमधनं पाणी चिरचिरत भरतंय. ५ नंबरवाले काका म्हणतात, "ओ, एवढ्या उकाड्यात कूलर बंद करू होय?" कॉक बंद केला, ७ मीटरचं पीक गायब. म्हणजे मशीन आमचा कूलर शोधत होतं.

कुणाची तोटी ठिबकत असेल, फ्लशची टाकी भरत असेल, कूलरचा फ्लोट असेल, मशीनला ते सगळं लीकेजच. बोलवायच्या आधी गल्लीतला एकूणएक कॉक स्वतः जाऊन बंद करा, ग्रुपवर मेसेज टाकून भागत नाही. आमचा पाऊण तास यात गेला.

पण पोरगा गप्प झाला होता. वहीत काहीतरी लिहिलं आणि मला विचारलं, "मॅडम, ५ नंबरचं कनेक्शन टाकीपासून किती?" मोजलं, २२ मीटर. "मग मशीन ७ का म्हणलं?" मला काय माहीत! तो म्हणाला बघू, आत्ता रस्त्यावर वर्दळ फार आहे, आवाज बारीक आहे, टाकीचा दाब कमी पडतोय, रात्री १ ला येतो. टाकी १२ मीटर उंचीवर, म्हणजे दाब सव्वा बारच्या आसपास, आणि दाब जितका कमी तितका गळतीचा आवाज मऊ. रात्रीच्या व्हिजिटचे २००० जास्त, हे तेव्हा कळलं. फोनवर नव्हतं सांगितलं. यावर माझा राग अजून आहे.

रात्री १ ला मात्र बरोबर आले. सगळं शांत, फक्त कुत्री. सगळे कॉक मी स्वतः बंद करून आले होते. सेन्सर लावले, आणि पीक आलं, छान टोकदार, ३५ मीटरवर. बरोब्बर मधोमध, ९ आणि १० नंबरच्या समोर. मी म्हणलं झालं, करा खूण. आणि इथं हा पोरगा मला आवडला. म्हणाला, "ताई, मधोमध आलं की मला झोप येत नाही." (संध्याकाळी मॅडम होते, रात्री ताई झाले.) कारण विचारलं तर म्हणे वायरिंगची ५० हर्ट्झची घरघर दोन्ही सेन्सरमध्ये एकाच क्षणी घुसते, फरक शून्य येतो, आणि फरक शून्य म्हणजे मशीन निम्म्यावर बोट ठेवतं. असे खड्डे लोकांनी खणलेत म्हणाला. मोटरचं पॅनल मेनपासून बंद केलं, कॉमन लाईट बंद केले. पीक हललं नाही. म्हणजे घरघर नाही, खरा आवाज आहे. तरी याचं समाधान होईना.

मग त्यानं जे केलं त्यासाठी मी पाच स्टार द्यायला तयार आहे. हेल्परला टाकीकडं पाठवलं, लाल सेन्सरच्याही मागं, जो पाईप टाकीवरून खाली येतो त्याच्यावर छोट्या पान्यानं टकटक करायला. टकटक दोन्ही सेन्सरच्या बाहेर आहे, म्हणजे तो आवाज आधी लालला लागणार आणि मग अख्खे ७० मीटर चालून निळ्याला. सगळा पाईप लोखंडी असेल तर ७० भागिले १३००, ५४ मिलिसेकंद लागायला पाहिजेत. आले ७७.

मला म्हणाला, "ताई, यात प्लास्टिक आहे कुठंतरी."

मी म्हणलं शक्यच नाही. तो म्हणे प्लास्टिकचा पाईप मऊ, पाण्यातनं लाट जाताना भिंत ताणली जाते आणि आवाज रेंगाळतो, नुसत्या पाण्यात सेकंदाला १४८० मीटर जाणारा आवाज लोखंडी पाईपमधल्या पाण्यात १३०० च्या आसपास आणि पीव्हीसीत ४५० वर येतो. मोबाईलवर आकडेमोड करून म्हणाला, २३ मिलिसेकंद जास्तीचे आहेत, पीव्हीसीचा एक मीटर लोखंडापेक्षा साधारण दीड मिलिसेकंद जास्त खातो, म्हणजे १६ मीटरच्या आसपास पीव्हीसी. अंधारात, जमिनीखाली, न बघता!

रात्री दोनला १७ नंबरच्या काकांना उठवलं. रेल्वेतून रिटायर, गल्लीतले सगळ्यात जुने, यांना सगळं आठवतं पण कुणी विचारत नाही. डोळे चोळत बाहेर आले आणि म्हणाले, "हो की, २०११ ला ड्रेनेजच्या कामात जेसीबीनं आपली लाईन फाडली होती, १३ च्या गेटपासून माझ्या गेटपर्यंत. मीच तर पीव्हीसी आणून टाकला. वीस-वीस फुटाच्या तीन कांड्या आणल्या होत्या, त्यातला तुकडा उरला, तो बघा." आणि बॅटरी मारली. त्यांच्या मोगऱ्याला आधार म्हणून पीव्हीसीचा राखाडी तुकडा उभा, सहा-सात फुटाचा. साठ फुटातनं तेवढा वजा केला तर उरतात १६ मीटर. पोरगा त्या मोगऱ्याकडं बघत राहिला. २०१५ ला वरनं काँक्रीट झालं आणि ही गोष्ट आम्ही सगळे विसरून गेलो, काका सोडून.

टेप लावला. ५० मीटरपर्यंत लोखंड, ५० ते ६६ पीव्हीसी, शेवटचे ४ मीटर परत लोखंड. मशीनमध्ये तसे तीन तुकडे भरले आणि तेच रेकॉर्डिंग परत चालवलं. पीक ३५ वरनं उठून ५० वर जाऊन बसलं, लोखंड आणि पीव्हीसीच्या सांध्यावर. हिशोब करून बघा, सांध्यापासून टाकीकडं ५० मीटर लोखंडातनं जायला आवाजाला जेवढा वेळ लागतो तेवढाच दुसरीकडं २० मीटर जायला लागतो, कारण मध्ये ते रेंगाळणारं प्लास्टिक. म्हणून फरक शून्य, म्हणून मधोमध. संध्याकाळचं कूलरचं रेकॉर्डिंगही त्यानं परत काढून बघितलं, ते ७ वरनं बरोबर २२ वर आलं. तेव्हा कुठं त्याचा चेहरा मोकळा झाला.

मग जमिनीवर ठेवायचा मायक्रोफोन घेऊन १३ च्या समोर वीत-वीत सरकत ऐकलं. मलाही हेडफोन दिला. दुधाचं पातेलं उतू जायच्या आधी जसं सिसिस करतं तसा आवाज, एका जागी जास्त, वीतभर सरकलं की कमी. खडूनं गोल काढला.

सकाळी तोच आपला प्लंबर आला, गोल बघून म्हणाला, "काय बे हे, शाळेतल्या पोरानं काढल्यागत." फोडलं. साडेतीन फुटावर चिखल, आणि खडूच्या गोलापासून जेमतेम दीड वीत बाजूला जीआय सॉकेटचे आटे गंजून गेलेले, तिथनं बारीक धार मुरमात घुसत होती. एवढीच, तीनेक मिलिमीटरच्या भोकाची. हात लावला तर बोटाला सुईसारखी टोचली. सॉकेट कापून नवा सांधा टाकला, दुपारी ४ ला लाईन सुरू. प्लंबर जाताना म्हणाला, "मला पण हिथंच वाटलालतं म्याडम." हो, वाटत असणार.

आता तक्रारींचं उरलेलं. रिपोर्ट म्हणून जी पीडीएफ पाठवली ती सात पानी इंग्रजी, त्यातली सहा पानं दुसऱ्या कुठल्या तरी कंपनीच्या कामातली तशीच उचललेली, आमचं नाव पहिल्या पानावर आणि तेही चुकीच्या स्पेलिंगचं. पीव्हीसीचा तुकडा कुठून कुठपर्यंत ते त्यात नाहीच, तेच तर पाहिजे होतं. जीएसटीचं पक्कं बिल तीनदा मागितल्यावर आलं. उशीर आणि रात्रीचे जास्तीचे पैसे वर सांगितलेच.

कुणी बोलवावं आणि कुणी नाही, एवढं सांगते, कारण खड्डा भरल्यापासून मला रोज फोन येतायत. बाथरूमची भिंत ओली, स्लॅबमधनं ठिपकतंय, ड्रेनेज तुंबलं, यासाठी हे मशीन नाही, दाबानं भरलेला पाईप पाहिजे तरच आवाज होतो. दाब नसेल तर हे बहिरं. म्हणजे नळाच्या बाजूची लाईन गळत असेल तर चावीवाला पाणी सोडतो त्या दोन-तीन तासांतच ऐकावं लागेल, एरवी कोरड्या पाईपला सेन्सर लावून काय ऐकणार, त्यामुळं आपल्याकडं तारीख नळाच्या हिशोबानं घ्या, त्यांच्या सोयीनं नाही. आणि सगळीच लाईन पीव्हीसी किंवा काळ्या एचडीपीई पाईपची असेल तर आधीच सांगा. प्लास्टिकमध्ये बारीक टोकदार आवाज लगेच मरतो, खर्जातलाच तेवढा पुढं जातो, सेन्सर जवळजवळ लावावे लागतात, नाहीतर पाण्यात बुडवायचा हायड्रोफोन लागतो. तो या लोकांकडं त्या दिवशी नव्हता. आमचं १६ मीटरच होतं म्हणून भागलं. तिथंही नाही जमलं तर ५ टक्के हायड्रोजन आणि बाकी नायट्रोजन असा गॅस लाईनमध्ये भरून वर वास घेणाऱ्या मशीननं शोधतात, पेट घेत नाही तो एवढ्या प्रमाणात, पण त्याचं कोटेशन ऐकून मी फोन ठेवला.

एकूण खर्च १०५०० त्यांचा, आणि आधीच्या तीन खड्ड्यांचं फोडकाम, भरणं आणि काँक्रीट मिळून त्याच्या दीडपट गेलेत, ते वेगळं. स्टार चार. एक कापला तो उशीर, लपवलेले २००० आणि त्या पीडीएफसाठी. बोलवलंत तर तो वहीत लिहिणारा पोरगा येणार असेल तरच बोलवा. त्यांच्याच दुसऱ्या एका टीमनं विजापूर रोडला आमच्या ओळखीच्यांकडं पहिल्याच पीकवर खूण करून दिली आणि खड्डा कोरडा निघाला.

परवा रात्री परत खडूची रेघ मारली. ६ तासांत पाऊण इंच उतरलं. सगळे कॉक बंद होते, म्हणजे ५ नंबर सोडून, ते मी बघायला विसरले. काकांनी एका जुन्या लग्नपत्रिकेच्या पाठीमागं अख्खी लाईन काढून दिलीय, कुठं लोखंड, कुठं पीव्हीसी, कुठला वॉल्व्ह कुणाच्या गेटसमोर. ती प्लास्टिकच्या पिशवीत घालून मोटरच्या पॅनलमध्ये आतून चिकटवलीय.